मोह वेचून झाल्यावरची घंटा

टण्.

अंगणात पालथ्या घातलेल्या पाण्याच्या गुंडीवर मोहाचं फूल पडलं. मग सगळं चूप. मग पुन्हा, टण्.

माझ्या खोलीमागं मोहाचं एक म्हातारं झाड आहे. त्याची फांदी छपरावरून वाकून अंगणात आली आहे. छपराच्या कवेलूंवर पडलेलं फूल ऐकू येत नाही, गुंडीवरचं येतं. होळीच्या आसपासच्या या दिवसांत मला दुसरा गजर लागत नाही. माझी पोरगी दिव्यानी तेव्हा गाढ झोपेत असते, एक पाय माझ्या पोटावर टाकून. तो पाय उचलून हळूच चादरीवर ठेवायचा आणि चूल पेटवायच्या आधी जे सुचेल ते लिहून घ्यायचं. एवढाच वेळ माझा. तिनं कूस बदलली की पेन खाली.

आज मला घंटेचं लिहायचं आहे. त्या सकाळी मी घंटा का वाजवली नाही, याच्या आता दोन-तीन गोष्टी फिरून राहिल्यात. एकीत मी फार शूर आहे, दुसरीत फार मूर्ख. झालं ते असं.

आमचा पेरमटोला अहेरीच्याही पुढं, जंगलात. दोन खोल्यांची शाळा, दोन शिक्षक. मी मूळची पोंभुर्ण्याकडची, धान पिकवणाऱ्या घरातली. माझा नवरा प्रफुल कोरपन्याकडं सिमेंटच्या कारखान्यात आहे, म्हणजे आमच्या मधे नद्या, जंगल आणि बसच्या तीन बदल्या. पाच वर्षांची दिव्यानी माझ्याजवळ. प्रफुलनं तिकडं त्याच्या क्वार्टरच्या ओसरीत तिच्यासाठी झोका बांधून ठेवला आहे. फोनवर रोज त्या झोक्याची खबरबात होते. आज काय केलं झोक्यानं? आज त्याच्यावर चिमणी बसली होती.

मागच्या पावसाळ्यात मी इथं आले आणि दिवाळीला आमच्या सत्यशीलाबाई रिटायर झाल्या. मुख्याध्यापकपदाचा चार्ज माझ्याकडं आला. चार्ज म्हणजे कपाटाच्या किल्ल्या, तांदळाची कोठी आणि आंब्याला टांगलेला लोखंडी रुळाचा तुकडा, म्हणजे आमची घंटा. जाताना बाई म्हणाल्या, "रंजीता, हे घंटा साऱ्या गावाले ऐकू जाते. सांभाळून वाजव जो." मला वाटलं, तार जुनी झाली आहे, रूळ पायावर पडेल म्हणून सांगताहेत.

जानेवारीत अहेरीला प्रशिक्षण झालं, 'प्रभावी शाळा नेतृत्व'. प्रत्येकाला एक रंगीत कागद दिला. त्यावर चांगल्या मुख्याध्यापकाचा एक गुण लिहून भिंतीवर चिकटवायचा. मी बाजूच्या बाईंच्या कागदात डोकावून 'दूरदृष्टी' लिहिलं. चिकटवायला गेले तर भिंतभर दूरदृष्टीच. एका सरांनी तेवढा 'संयम' लिहिला होता, ते रिटायरमेंटला आले होते. माझं अर्धं लक्ष दिव्यानीत. तिला मंगलीजवळ सोडून आले होते.

मंगली आमच्या शाळा समितीची अध्यक्ष. माझ्याच वयाची. तिच्या घरात गोंडी बोलतात, तिची मराठी माझ्यापेक्षा थोड्या शब्दांची आणि पुष्कळ तिखट. तिची मोनाली चौथीत आहे.

मार्च लागला आणि दरवर्षीसारखा आदेश आला, उन्हामुळं शाळा सकाळची. आदेश वाईट नाही. पोरांनी भर दुपारी तापल्या रस्त्यानं कोस-कोस चालू नये म्हणून तो असतो. पण पेरमटोल्यातली सकाळ मोहाची असते. फुलं पहाटे पडायला लागतात, ऊन चढेस्तोवर पडत राहतात. प्रत्येक घराची आपापली झाडं आज्या-पणज्यापासून ठरलेली. झाडाखालचा पाला जाळून, झाडून जागा अंगणासारखी केलेली. मोठी माणसं वेचतात आणि पोरं राखण करतात, कारण मोह ढोरांना माणसांपेक्षा जास्त आवडतो. घरातलं पावसाळ्याचं तेल-मीठ, पोरांचे कपडे या एका मोसमातून निघतात.

पहिल्या दिवशी मी सात वाजता घंटा वाजवली. आले कोण? दिव्यानी, पवनसर आणि गावातल्या पोचूभाऊंची बकरी.

पवनसर माझे सहकारी. सेवेत माझ्याहून लहान, या शाळेत माझ्याहून जुने. ते खुर्चीवर आरामात बसले. मी विचारलं, "सत्यशीलाबाईंच्या वेळी या महिन्यात काय करायचे?"

"काई नाई म्याडम. घंटा वाजवून आपण बसाचं. मोह सरला का पोरं येते."

"आणि हजेरी?"

सर खिडकीतून बाहेर बकरीकडं पाहू लागले.

मला राग आला. नव्या चार्जचा राग तो. तडक रानात गेले. मंगलीच्या झाडाखाली मोनाली काठी घेऊन राखणीला बसलेली. मंगली आणि तिचा नवरा पलीकडच्या दुसऱ्या झाडाखाली वाकून वेचत होते.

"मंगलीबाई, तुम्ही तर अध्यक्ष. तुमचीच पोरगी शाळेत नाही?"

मंगलीनं पाठ सरळ केली. "बाई, झाडाले सांगून पाहा ना, सातच्या आंधी पडून मोकळं होय मनून."

मी ऐकलं नाही. मोनालीचा हात धरला आणि शाळेत आणली. आणखी चार-पाच झाडांखालून तशीच पोरं उचलली.  बाईमाणूस, त्यात शिक्षक, कोण अडवेल? त्या दिवशी मी फळ्यावर बेरजा घातल्या आणि मनात म्हटलं, बघा, जमतं.

दुपारी मंगली शाळेत आली. रिकामी टोपली माझ्या टेबलावर पालथी घातली. एक फूल निघालं नाही.

"हे मोनालीची फी," म्हणाली आणि गेली.

राखण उठली तशी ढोरं झाडाखाली शिरली होती. एका सकाळचं सगळं गेलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी दिव्यानीला उठवलं आणि मंगलीच्या झाडाखाली गेले. वेचायला लागले. मंगली वेचतच राहिली. थोड्या वेळानं एक लहान टोपली माझ्याकडं सरकवली. दिव्यानीनं वेचली तेवढीच फुलं चोखली, हनुवटीवरून रस. मंगलीनं तिचं तोंड आपल्या पदरानं पुसलं, तेव्हा कळलं, आता बोलेल.

"मोह उन्हात वाळू टाकला का मंग काय काम रायते गावात?" ती आपणहून म्हणाली. "काई नाई. आमी झोपतो. पोरं दिवसभर उन्हात हिंडते. तेव्हा तुमची शाळा बंद. पाखरं उडून गेल्यावर जाळं टाकून राह्यले तुमी."

एवढं सरळ होतं. आमची पोरं लांबून येत नाहीत. घर आणि शाळा यांच्यामध्ये एक आंबा आहे, त्याचीही सावली. भर उन्हात त्यांनी नाल्यावर हिंडण्यापेक्षा शाळेच्या जाड भिंतीत बसावं, हेच आदेशाच्या पोटात होतं.

संध्याकाळी गोटुलात, म्हणजे गावाच्या बैठकीच्या घरात, गाव जमलं. पोचूभाऊ गावातले सगळ्यांत जाणते, सगळ्यांचं ऐकून शेवटी बोलणारे. ठरलं असं, की मोह अंगणात वाळत टाकून झाला की शाळेची घंटा होईल, आणि घंटा झाली की एकही पोर घरी राहणार नाही. आजारी असेल तर आई येऊन सांगेल.

"आन् बाई," पोचूभाऊ म्हणाले, "मोह पडून राह्यला असंल तेव्हा घंटा वाजवान का?"

"नाही वाजवणार."

"कोणी आलं तरी?"

"कोणी आलं तरी."

पोचूभाऊंनी मान हलवली. गोटुलात तेवढं पुरतं.

त्यानंतरचे दिवस मला फार गोड गेले. पोरं यायची ती हातापायाला मोहाचा वास घेऊन. वर्ग असा वास मारायचा की पवनसर म्हणायचे, "म्याडम, शिकवता शिकवताच आपल्याले चढंल." तेही हळूहळू रुळले होते, मोटारसायकल उशिरा काढायला मिळत होती ना. पटावरची सगळी पोरं जागेवर. दुसरीतला झिंगू, जो कधी तोंड उघडत नव्हता, त्यानं फळ्यावर मोहाचं झाड काढून आपल्या गोंडीत त्याच्या एकेक भागाचं नाव सांगितलं आणि मी ती शिकले. माझे उच्चार ऐकून वर्ग बाकांवर लोळला.

आणि मग एक दिवस पवनसर धावत रानात आले. मी मंगलीच्या झाडाखाली होते, दिव्यानी कमरेवर.

"म्याडम, तालुक्याचे साहेब. गाडी घेऊन आले. कुलपाचा फोटू काढून राह्यले."

मी चिकट हात पदराला पुसत गेले. साहेब शाळेच्या पायरीवर उभे होते. मध्यम वयाचे, थकलेले. त्यांच्या शर्टवर रस्त्याची धूळ होती.

"मॅडम, शाळा किती वाजता भरते?"

"मोह वाळू टाकला की, साहेब."

"घड्याळात सांगा."

"दहाच्या आसपास."

"आदेश कितीचा आहे?"

मी सगळं सांगितलं. ऊन, आंबा, सावली, ढोरं, टोपली. त्यांनी ऐकून घेतलं, हे खरं. पाणी मागितलं, प्यायले. मग पायरीवरच बसले आणि मुद्द्यावर आले.

"हे पहा, लहान शाळा नाल्यापलीकडच्या मोठ्या शाळेत जोडायचं चाललं आहे. कोणत्या आधी, तर ज्या रिकाम्या आढळतील त्या. आज तुमची रिकामी आढळली. आता तुम्ही एक करा. पालक उदासीन आहेत, पोरांना जंगलात नेतात, कितीही समजावलं तरी पाठवत नाहीत, असं लिहून द्या. तुमच्यावर काही येणार नाही. शाळा जोडली गेली की तुम्ही अतिरिक्त. तुमचे मिस्टर कोरपन्याला ना? तिकडं तुमचं नाव मी लावून देतो. शब्द माझा."

यांना कसं माहीत, असा विचार मनात आला आणि गेला. मग नुसता झोका दिसला, चिमणी बसलेला.

"कोरपना!" दिव्यानी कमरेवरून म्हणाली. "तिथी माझे बाबा हायेत."

साहेब तिच्याकडं पाहून हसले. वाईट माणूस नव्हता तो. वाईट असता तर सोपं गेलं असतं.

पावसाळ्यात आमचा नाला कसा होतो ते त्यांनी पाहिलं नव्हतं. मी पाहिलं होतं. पलीकडची शाळा म्हणजे झिंगूसारख्यांची शाळा सुटलीच.

पवनसर माझ्या कानाशी लागले. "म्याडम, घंटा हाना ना. सारेच येते. आत्ता."

साहेबांनी ऐकलं. "खरंच, वाजवा की. पोरं आली तर शाळा भरलेली आढळली असं लिहितो आणि मोकळा होतो. मला काय हौस आहे?"

मी दिव्यानीला खाली ठेवलं आणि आंब्याखाली गेले. रुळाला टांगलेली लोखंडी सळई हातात घेतली. तिथून रानातले आवाज ऐकू येत होते. कुणी ढोराला हाकलत होतं, कुणाचं पोर कुणाला शिव्या देत होतं, कुणी हसलं. एक टोला. एका टोल्यावर ती सगळी उठली असती. गेल्या पंधरवड्यात एकानंही घंटा चुकवली नव्हती. काठ्या टाकून, झाडं उघडी टाकून धावत आली असती, आणि ढोरं झाडाखाली शिरली असती.

सळई मी पुन्हा दोरीला सोडली.

"नाही वाजवत, साहेब."

"का? कुणी येणार नाही याची भीती वाटते?"

"येतील. सगळे येतील. म्हणूनच नाही वाजवत."

त्यांना ते कळलं नाही. कदाचित कळलं आणि आवडलं नाही. मी म्हटलं, "तुम्ही थांबा. मी चहा टाकते. घंटा झाली की मोजून घ्या पोरं. नाहीतर चला मोहाखाली, तिथं दाखवते एकेक."

"मला आणखी शाळा आहेत, मॅडम." ते उठले. "शाळा बंद आढळली, एवढं मला लिहावं लागेल."

"लिहा. आणि मुख्याध्यापिकेनं घंटा वाजवायला नकार दिला, हेही लिहा. पालक उदासीन हे तेवढं माझ्या हातानं होणार नाही."

"नेतृत्वाचं ट्रेनिंग केलं ना तुम्ही?" गाडीत बसताना ते म्हणाले. "परिस्थितीशी जुळवून घेणं, हा पहिला गुण असतो."

"तेच करून राह्यले ना साहेब," मी म्हटलं. माझ्या तोंडून इथली बोली कधी निघाली ते कळलंच नाही. "इथली परिस्थिती मोहाची आहे."

गाडी धूळ उडवत गेली. थोड्या वेळानं मोह वाळत पडला, मी घंटा दिली आणि सगळे आले. झिंगूसुद्धा, पायाला चिंधी बांधून. पाहायला कुणीही नव्हतं.

पवनसर माझ्याशी बोलत नव्हते. खडू मागताना तेवढं म्हणाले, "लोखंडाले लोखंड हानाचं. एवढंच तर होतं. आता गावाची शाळा गेली ना म्याडम."

संध्याकाळी मी भांडी घासत होते. मंगली अंगणात येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता पाठीवर हात ठेवेल. खोटं कशाला बोलू, मी वाट पाहत होते त्या हाताची.

"काऊन नाई वाजवली?"

"शब्द दिला होता गोटुलात."

"कोणाले?"

"तुम्हाला. गावाला."

"मंग? आमच्याले देला तो शब्द आमचा होता ना? आमाले इचारलं असतं. पवनसराले धाडलं असतं रानात. मी मनली असती, वाजव बाई, एक दिवस खाऊ दे ढोराले. एका सकाळच्या मोहासाठी शाळा टाकतो का आमी?" तिचा आवाज चढला. "आमच्या वतीनं तुमीच ठरवून टाकलं, एकटीनं. मंग साहेबात अन् तुमच्यात काय फरक?"

मी हातातली कढई खाली ठेवली. दिव्यानी माझ्याकडं, मंगलीकडं, पुन्हा माझ्याकडं बघत होती.

"चुकलं," मी म्हटलं. "पण आता?"

"आता गोटुलात चला."

त्या संध्याकाळी मी झालं ते सगळं सांगितलं. कोरपन्याचंही सांगितलं, लपवलं नाही. एक म्हातारी दिव्यानीच्या केसांतून हात फिरवत राहिली. बरीच भांडणं झाली. कुणी म्हणालं साहेबाला पुन्हा बोलवा, कुणी म्हणालं अर्ज द्या. पोचूभाऊ शेवटी बोलले.

"साहेबानं शाळा पायली नाई ना? तो येत नसंल तर शाळा त्याच्याकडं नेऊ. बाजाराच्या दिशी आपल्याले तसंबी तालुक्याले जाचंच आहे, मोह घेऊन."

"अन् घंटा?" मंगलीनं विचारलं.

"घंटा बी."

बाजाराच्या दिवशी दोघा बाप्यांनी रूळ बांबूला बांधून खांद्यावर घेतला. पोरं न्हाऊन, तेल लावून, गणवेशात. एका ट्रॅक्टरमध्ये पुढं मोहाची पोती, मागं शाळा. पवनसर येणार नाहीत असं मी धरून चालले होते. तर ते फाट्यावर मोटारसायकल लावून उभे. "माझी बी शाळा हाय," एवढंच म्हणाले आणि ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसले.

कचेरीच्या आवारात कडुनिंब होता. फांदीला रूळ टांगला. शिपाई धावत आला, "हे काय लावलं? इथी नाई, इथी नाई." मंगलीनं त्याला आपल्या गोंडीत असं काही ऐकवलं की तो हसतच मागं झाला. त्याच्या घरचीच भाषा निघाली.

मी सळई हातात घेतली. पण या वेळी थांबले. मागं वळून विचारलं, "वाजवू का?"

मंगलीनं वर सूर्याकडं पाहिलं. "घरी मोह वाळू टाकला असंल आता. वाजवा."

तो आवाज बंद आवारात केवढा मोठा होतो! खिडक्यांत डोकी आली. पोरं सवयीनं रांगेत उभी राहिली. रोजचा परिपाठ आधी राष्ट्रगीतानं सुरू होतो. मी काही ठरवलं नव्हतं, मोनालीनं खणखणीत आवाजात सुरुवात केली आणि बाकीच्यांनी उचललं. व्हरांड्यातले बाबू चहाचे ग्लास हातात घेऊन जागच्या जागी ताठ. शिपाई ताठ. साहेब दारातून बाहेर येत होते, एक पाय पायरीवर आणि एक खाली, ते तसेच ताठ. संपेपर्यंत कुणाला हलता येईना. आमची पोरं राष्ट्रगीत घाई करून म्हणत नाहीत.

मग मी हजेरी घेतली, मोठ्यानं, एकेक नाव. आणि झिंगूनं, कुणी न सांगता, मातीत काडीनं मोहाचं झाड काढलं आणि साहेबांना हातानं खूण केली, या, बघा. साहेब वाकले. झाडाच्या भागांची गोंडी नावं ऐकली. एक नाव त्यांनी परत म्हणून पाहिलं, तर पोरं त्यांनाही हसली.

मला त्यांनी बाजूला बोलावलं. "तुमची शाळा आधी बंद आढळली होती. आज भरलेली आढळली, हे मी लिहीन. या वर्षापुरतं जोडणं थांबवता येईल असं वाटतं. पुढचं वरचे ठरवतील." मग आवाज खाली. "तुम्हाला मात्र नोटीस येणार. वेळ परस्पर बदलली, घंटेला नकार दिला, तुम्हीच लिहायला लावलं. आणि ती कोरपन्याची जागा मी अजून धरून ठेवली आहे. चार्ज सोडते म्हणा, आज. नोटीस निघणारच नाही. पोरगी बापाजवळ जाईल."

दिव्यानी पलीकडं मोनालीच्या मांडीवर बसून कुणीतरी दिलेली गुळपट्टी खात होती. मला तिच्यासाठी ती जागा हवी होती. माझ्यासाठीही हवी होती. हे मी इथं लिहिते आहे, कारण शूरपणाच्या गोष्टीत हे येत नाही.

"साहेब, पुढच्या मोहाला घंटा कोण देईल?"

"कुणीतरी येईल ना."

"तो सात वाजता देईल."

साहेब आत गेले.  आम्ही निंबावरून रूळ उतरवला आणि गावाला निघालो.

नोटीस आली आहे. उत्तर मी लिहिलं आहे, गोटुलात सगळ्यांना वाचून दाखवून. मंगलीनं त्यातलं एक वाक्य फार नरम आहे म्हणून खोडायला लावलं.

राहिला प्रफुल. त्याला सांगायचं मी टाळत होते. काल संध्याकाळी अंगणात बसून सांगितलं, फोन मोठ्या आवाजात लावून, कारण माझे हात मोहाच्या चिकानं भरलेले होते. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे ठरवून टाकलंस तू."

"हो."

"मले इचारलं नाईस."

मंगलीचाच प्रश्न. या वेळी चुकलं म्हणायला तोंड उघडलं, पण पुढचं वाक्य सापडेना. विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता. नाही म्हणाला असता तर मी काय केलं असतं? हेच. ते मला माहीत होतं, त्यालाही.

"तिचा झोका," तो म्हणाला. "पावसात दोर सडून जाईल त्याचा."

दिव्यानी माझ्या पाठीला टेकून ऐकत होती. पुढं आली, फोनवर वाकली. "बाबा, झोका सोडून आन ना. इथी मोहाले बांधू. फांदी हाय, आमच्या छपरावर."

तिकडून प्रफुल हसला.  मग फोनमधून नुसता त्याच्या कारखान्याचा घरघर आवाज येत राहिला. गुंडी पालथी होती, पण संध्याकाळी मोह पडत नाही, आमच्याकडं सगळं चूप.

दिव्यानीनं माझ्याकडं मान वळवली.

"आई, आपणच काऊन जाचं? बाबाच इथी काऊन येत नाई रायले?"